महामंडळ बंद केलं म्हणजे पैसा वाचला का? घरबसल्या हिशोब मांडायची पद्धत

दर दोन-तीन वर्षांनी ही बातमी येतेच. तोट्यातली महामंडळं बंद करणार, सारखी कामं करणारी एकत्र करणार, इतके कोटी वाचणार. निम्मे लोक म्हणतात बरं झालं, पांढरे हत्ती गेले, निम्मे म्हणतात नोकऱ्या घालवल्या, आणि सहा महिन्यांनी त्या यादीतलं नक्की काय बंद झालं आणि काय नुसतं नाव बदलून शेजारच्या मजल्यावर गेलं हे कुणीच बघत नाही. हा लेख ते बघायचं कसं यासाठी आहे. पत्रकार, युनियनवाले, एमपीएससी करणारी पोरं, आरटीआय टाकणारे, किंवा मंत्रालयात नवीन डेस्क मिळालाय आणि पहिल्याच आठवड्यात "विलीनीकरणाचा प्रस्ताव सादर करावा" अशी फाईल टेबलावर येऊन पडलीय, असं कुणीही वापरू शकतं.

माझं मत आधीच सांगून टाकतो म्हणजे नंतर शंका नको. बरीच महामंडळं खरंच बंद व्हायला हवीत. पण पाटी उतरवून पैसा वाचत नाही, पदं, जागा आणि कर्ज या तीन गोष्टी हलल्या तरच वाचतो, आणि घोषणेत नेमकं या तिघांबद्दल काहीच नसतं.

आधी बघा, ही संस्था जन्माला कशी आली

बाहेरून सगळी सरकारी ऑफिसं सारखीच दिसतात, पण बंद करायची म्हटली की प्रत्येक प्रकाराचा रस्ता वेगळा, त्यामुळे पहिलं काम म्हणजे जन्माचा कागद शोधणं.

काही संस्था कायद्याने बनल्यात. एमआयडीसी (औद्योगिक वसाहती) १९६१ च्या कायद्याने, एमएमआरडीए (मुंबई महानगराचा विकास) १९७४ च्या, म्हाडा (सरकारी घरं) १९७६ च्या. यांना हात लावायचा तर विधेयक, दोन्ही सभागृहं, सगळं आलं, नुसत्या मंत्रिमंडळ निर्णयाने होत नाही. एसटी तर १९५० च्या केंद्रीय कायद्याखाली आहे, कंपनीसारखं तिचं अवसायन (मालमत्ता विकून, देणी फेडून गुंडाळणं) होतच नाही, त्यासाठी त्या कायद्यात वेगळं कलम आहे.

काही संस्था कंपन्या आहेत. सिडको (नवी मुंबई वसवणारी) १९७० ला कंपनी म्हणूनच निघाली, एमटीडीसी (पर्यटन महामंडळ) पण कंपनीच. दोन सरकारी कंपन्या एकत्र करायच्या तर कंपनी कायदा २०१३ ची कलमं २३० ते २३२ लागतात, आणि सरकारी कंपन्यांसाठी मंजुरीचा अधिकार कंपनी न्यायाधिकरणाऐवजी (ट्रिब्युनल) केंद्र सरकारकडे दिलाय, म्हणजे मुंबईतल्या दोन कंपन्यांचं लग्न लावायला फाईल दिल्लीला. बंदच करायची असेल तर कंपन्यांच्या नोंदवहीतून नाव काढून टाकणं किंवा अवसायन, पण दोन्हीसाठी हिशोब अद्ययावत लागतात आणि खरी गाडी तिथेच रुतते, कारण ज्या कंपन्या वर्षानुवर्षं काहीच काम करत नाहीत त्यांचेच ताळेबंद वर्षानुवर्षं रखडलेले असतात. महाराष्ट्रावरचे कॅगचे (सरकारी खर्चाचं ऑडिट करणारे महालेखापरीक्षक) अहवाल काढून बघा, अकार्यरत उपक्रम आणि थकलेले लेखे हे विषय पुन्हा पुन्हा येतात. म्हणजे बंद करायला पण आधी चार माणसं आणि एक सीए लावून मागच्या वर्षांचा हिशोब पुरा करावा लागतो, आणि तो खर्च प्रस्तावात कुणी धरत नाही.

सोसायटी असेल तर १८६० चा कायदा, विसर्जनाला किमान तीन पंचमांश सदस्यांची संमती, सरकार सदस्य असेल किंवा पैसे देत असेल तर सरकारचीही संमती, आणि उरलेली मालमत्ता सदस्यांत वाटून घेता येत नाही.

मग येतात जीआरने (शासन निर्णयाने) जन्मलेल्या समित्या, कक्ष, मिशन, अभियान. या एका जीआरने येतात, एका जीआरने जातात. म्हणून "इतक्या संस्था बंद" अशी यादी आली की पहिल्यांदा हे मोजा की त्यातल्या किती नुसत्या जीआरवाल्या आहेत. यादी लांब करायची सगळ्यात सोपी ट्रिक तीच, कारण वर्षभरात एकही बैठक न झालेल्या समितीला बंद करून फक्त चहाचा खर्च वाचतो.

आणि एक प्रकार असा की काही न करता संपणारा. राज्यघटनेच्या कलम ३७१(२) खालची विदर्भ, मराठवाडा आणि उर्वरित महाराष्ट्राची वैधानिक विकास मंडळं १९९४ ला सुरू झाली, मुदतवाढ मिळत राहिली, आणि ३० एप्रिल २०२० ला मुदत संपली. कुणी बंद केली नाहीत, वाढवली नाहीत एवढंच. त्यामुळे संस्थेला मुदत आहे का हे जन्माच्या कागदावरच तपासा.

खरंच दोघं एकच काम करतात का

मुंबईत राहणाऱ्याला हा प्रश्न समजवायला नको. वांद्रे-वरळी सी लिंक एमएसआरडीसीची (राज्य रस्ते विकास महामंडळ), कोस्टल रोड महापालिकेचा, अटल सेतू एमएमआरडीएचा. समुद्रावरचे तीन रस्ते, तीन मालक. पूर्व आणि पश्चिम हे दोन्ही द्रुतगती महामार्ग २०२२ च्या शेवटी एमएमआरडीएकडून पालिकेकडे गेले, तोवर खड्ड्याची तक्रार कुणाकडे करायची हेच निम्म्या लोकांना माहीत नव्हतं. वर २०२३ मध्ये पायाभूत सुविधांसाठी आणखी एक महामंडळ, एमएसआयडीसी, निघालं.

हे वाचून वाटतं की सगळे एकत्र करा, संपलं. पण जरा थांबा, कागदावर पाच रकाने आखा: काम काय, कुणासाठी, कोणत्या कायद्याखाली, कुठल्या हद्दीत, आणि शेवटची सही कुणाची. हे भरल्यावर कळतं की काही ठिकाणी काम खरंच डबल आहे आणि काही ठिकाणी फक्त नावं सारखी आहेत.

म्हाडाचं उदाहरण मला यात सगळ्यात बोलकं वाटतं. ५ डिसेंबर १९७७ ला म्हाडा आलं ते मुळात विलीनीकरणच होतं, महाराष्ट्र गृहनिर्माण मंडळ, विदर्भ गृहनिर्माण मंडळ, मुंबईच्या जुन्या इमारतींचं दुरुस्ती व पुनर्रचना मंडळ आणि झोपडपट्टी सुधार मंडळ असे चौघे एका छत्राखाली आणले. आज म्हाडाच्या खाली किती मंडळं आहेत? नऊ. मुंबई, दुरुस्ती, झोपडपट्टी सुधार, कोकण, पुणे, नाशिक, छत्रपती संभाजीनगर, नागपूर, अमरावती. आणि झोपड्यांच्या पुनर्वसनासाठी १९९५ मध्ये एसआरए वेगळं निघालं, ते पण वांद्रे पूर्वेलाच, म्हाडापासून चालत जाण्याच्या अंतरावर. याचा अर्थ १९७७ चा निर्णय चुकला असं मी म्हणत नाही, उपकरप्राप्त (दुरुस्तीसाठी उपकर भरणाऱ्या जुन्या) इमारतीची दुरुस्ती आणि नवीन घरांची लॉटरी ही दोन वेगळी कामंच आहेत, दोघांना एका टेबलावर बसवलं म्हणून एक होत नाहीत. पण विलीनीकरणाने संस्था कमी होतात असं जो म्हणेल त्याला ही गोष्ट जरूर सांगा.

उलट केस बघा समाजनिहाय आर्थिक विकास महामंडळांची. महात्मा फुले, अण्णाभाऊ साठे, वसंतराव नाईक, अण्णासाहेब पाटील, मौलाना आझाद, आणि अलीकडे तर एकामागून एक नवीन जाहीर झाली. काम बघितलं तर बहुतेकांचं जवळजवळ सारखं, कर्ज, बीजभांडवल, व्याज परतावा. लाभार्थी वेगळे आणि त्या वेगळेपणाला सामाजिक अर्थ आहे, ते कुणी काढायला जाऊ नये. पण अर्जाचं सॉफ्टवेअर, अकाउंट्स, वसुली, ऑडिट, जिल्हा ऑफिसची जागा, हे प्रत्येकाचं वेगळं कशाला पाहिजे? नाव ठेवून मागचं ऑफिस एकच करणं हा मला सगळ्यात कमी ग्लॅमरचा आणि सगळ्यात चालणारा मार्ग वाटतो. होत का नाही याचं उत्तर मंत्रालयाच्या लिफ्टमधला कुणीही देईल. प्रत्येक महामंडळाला एक अध्यक्षपद असतं, कुठेकुठे राज्यमंत्रिपदाचा दर्जा असतो, आणि मंत्रिमंडळात जागा न मिळालेल्यांची सोय तिथेच लागते.

पैसा कुठे दिसतो

आता आकडे गोळा करा. बातमीतला आकडा बाजूला ठेवा, तो बहुतेक वेळा त्या संस्थेचं एकूण वार्षिक अनुदान असतो आणि त्याला बचत म्हणून टाकलेलं असतं.

सगळ्यात आधी राज्याच्या अर्थसंकल्पात त्या विभागाच्या मागणीत (विधिमंडळाकडे मागितलेल्या खर्चात) संस्थेचं नाव शोधा, आणि ते कशाखाली आहे ते बघा: सहायक अनुदान, भागभांडवली गुंतवणूक की कर्ज. तिन्हीत जमीन-अस्मानाचा फरक आहे. अनुदान दरवर्षी जातं, ते बंद झालं तर खरी बचत. गुंतवणूक आधीच गेलीय, ती परत येत नाही. कर्ज दिलेलं असेल तर संस्था बंद झाल्यावर सरकारला स्वतःचंच कर्ज माफ करावं लागतं, आणि ते वहीत तोटा म्हणून उतरतं. प्रत्यक्ष किती रक्कम वाटली ते राज्याच्या बीम्स प्रणालीत दिसतं.

दुसरा कागद कॅगचा फायनान्स अकाउंट्स, वर्षाला एकदा येतो, फुकट डाउनलोड होतो. त्याचं स्टेटमेंट १८ सरकारने दिलेल्या कर्जांचं, १९ गुंतवणुकीचं, २० सरकारने दिलेल्या हमीचं. हमीचं पान लोक सोडून देतात, आणि नेमकी तिथेच बॉम्बची वात असते. महामंडळाने बाजारातून उचललेल्या कर्जाला सरकारची हमी असेल तर महामंडळ गेलं तरी बँक सरकारच्या दारात येणार.

तिसरं म्हणजे आरटीआय. दहा रुपये फी, महाराष्ट्रात अर्ज एकाच विषयाचा आणि १५० शब्दांच्या आत ठेवायचा, म्हणून लांब निबंध लिहू नका. मी साधारण असं मागतो: मंजूर आकृतिबंधाची (कोणती पदं किती, त्या तक्त्याची) प्रत, आजच्या तारखेला भरलेली पदं संवर्गनिहाय, मागच्या तीन वर्षांचा आस्थापना (कर्मचाऱ्यांवरचा) खर्च, ऑफिसच्या जागेचा भाडेकरार, मुदतठेवींची यादी, आणि शेवटच्या लेखापरीक्षित ताळेबंदाची प्रत. "बचत किती होणार" असं विचारू नका, ते मत झालं, "अशी माहिती अभिलेखात उपलब्ध नाही" असं एका ओळीचं उत्तर येतं. कागद मागा, हिशोब आपण करू.

मुदतठेवींबद्दल एवढंच, की बऱ्याच संस्था "तोट्यात" असताना बँकेत बक्कळ ठेवी घेऊन बसलेल्या असतात, योजनेचा पैसा आला, वाटला नाही, एफडी केली, व्याजावर ऑफिस चाललंय. अशी संस्था बंद करण्यात पहिल्या वर्षी सरकारला खरंच रोख मिळते, फक्त ती एकदाच मिळते, दरवर्षीची बचत म्हणून लिहू नये.

माणसं: इथे वेळ घालवा

आस्थापना हा सगळ्यात मोठा खर्च आणि तिथेच सगळ्यात जास्त फसवाफसवी.

पहिला प्रकार रिक्त पदांचा. मंजूर पदं १२०, भरलेली ५४, आणि टिपणीत लिहायचं "१२० पदं रद्द केल्याने बचत". बाबा रे, त्यातल्या ६६ जणांचा पगार कधी निघालाच नव्हता. आकृतिबंध आणि पगारपत्रक दोन्ही शेजारी ठेवल्याशिवाय पुढे जाऊ नका.

दुसरा प्रतिनियुक्तीवाल्यांचा. हे मूळ विभागातून आलेले, संस्था बंद झाली की परत मूळ विभागात जाणार, पगार सरकारच्याच तिजोरीतून. एका खिशातून काढून दुसऱ्यात.

तिसरे कायम कर्मचारी. यांना सरसकट घरी बसवता येत नाही, कामगार कायद्याच्या कक्षेतल्यांना कपातीची भरपाई द्यावी लागते, जुन्या औद्योगिक विवाद कायद्यापासून चालत आलेलं प्रमाण म्हणजे प्रत्येक पूर्ण वर्षामागे १५ दिवसांचा सरासरी पगार, शिवाय नोटीस वगैरे. पण सरकार बहुतेक वेळा कपात करत नाहीच, समायोजन करतं, म्हणजे दुसऱ्या सरकारी ऑफिसात सामावून घेतं, आणि राजकारण बघता ते साहजिक आहे. समायोजन झालं की पगार चालूच राहतो आणि बचत फक्त निवृत्तीच्या वेगाने होते. वर नवीन संस्थेत वेतनश्रेणी जास्त असेल तर आलेला माणूस म्हणतो मला पण तीच द्या, आणि कोर्टात बहुतेक वेळा त्याचं म्हणणं ऐकून घेतलं जातं. मग सेवाज्येष्ठतेची यादी. दोन संस्थांच्या दोन याद्या एकत्र गुंफायच्या म्हणजे पुढची दहा वर्षं केसेस, हे मंत्रालयात सगळ्यांना माहीत असतं आणि प्रस्तावात कुणी लिहीत नाही.

पेन्शनचा भाग वेगळा काढा. महामंडळातले बहुतेक ईपीएफवाले (भविष्य निर्वाह निधी), सरकारी कर्मचारी १ नोव्हेंबर २००५ च्या आधीचे असतील तर जुनी पेन्शन, नंतरचे असतील तर एनपीएस, म्हणजे दोघांच्या वर्गणीवर चालणारी नवी पेन्शन. विलीनीकरणात जर सेवा जोडून दिली तर मागच्या वर्षांचं दायित्व एका फटक्यात तिजोरीवर येतं. २०२१ च्या ऑक्टोबरअखेर सुरू होऊन २०२२ च्या एप्रिलपर्यंत चाललेला एसटीचा संप आठवा, मागणी एकच, आम्हाला शासनात विलीन करा. तिथे विलीनीकरण म्हणजे बचत नव्हती, सरकारवर एका मोठ्या महामंडळाच्या पगाराचा बोजा होता, आणि त्रिसदस्यीय समितीने शक्य नाही म्हणून सांगितलं. मुंबईच्या बस चालवणाऱ्या बेस्टचा जानेवारी २०१९ चा नऊ दिवसांचा संप पण तसाच, एक मुख्य मागणी होती की बेस्टचं बजेट पालिकेच्या मूळ बजेटात मिसळा. कर्मचाऱ्याच्या बाजूने बघितलं तर मागणीत काहीच वावगं नाही, ज्याच्या घराला भक्कम पाया त्याच्याकडे राहायला जावं असं कुणालाही वाटणार. पण वाचकाने एवढं लक्षात ठेवावं की कोण कुणात विलीन होतंय यावर पैसा वाचणार की वाढणार हे ठरतं.

केंद्राने ऑर्डनन्स फॅक्टरी बोर्ड (लष्करासाठी शस्त्रं-दारूगोळा बनवणाऱ्या कारखान्यांचं) १ ऑक्टोबर २०२१ ला विसर्जित केलं, ४१ कारखाने सात कंपन्यांत वाटले, आपल्या अंबरनाथचे कारखाने पण त्यात आले. कर्मचारी मात्र केंद्र सरकारचेच राहिले, कंपन्यांकडे मानीव (कागदोपत्री धरलेल्या) प्रतिनियुक्तीवर. बोर्ड गेलं, आस्थापना राहिली. असं करायची कारणं असतात आणि ती पटण्यासारखी पण असतात, फक्त अशा वेळी पहिल्या दिवसापासून पगारात बचत झाली असं म्हणू नका.

आणि शेवटी कंत्राटी पोरं, डेटा एंट्री, ड्रायव्हर, सिक्युरिटी, हाउसकीपिंग. यांचा खर्च "वेतन" या शीर्षात नसतोच, म्हणून ते आस्थापनेच्या तक्त्यात दिसत नाहीत. संस्था बंद झाली की पहिल्या महिन्यात खरी बचत यांच्या पोटावरच होते. हे लिहून ठेवा, युनियनच्या पत्रकात पण बऱ्याचदा यांचं नाव नसतं.

स्वेच्छानिवृत्तीचा रस्ता असेल तर तो आधी पैसे खातो, मग वाचवतो. बीएसएनएल आणि एमटीएनएलची योजना ३१ जानेवारी २०२० ला लागू झाली, दोन्ही मिळून ९२ हजारांहून जास्त लोक बाहेर पडले, झालेल्या सेवेच्या वर्षामागे ३५ दिवस आणि उरलेल्या वर्षामागे २५ दिवसांचा पगार या हिशोबाने सानुग्रह रक्कम होती. मुंबईत एमटीएनएलची एक्स्चेंजेस एकदम रिकामी झाली ती तेव्हाच.

जागा आणि कर्ज

एमटीएनएलचंच पुढे घ्या. ऑक्टोबर २०१९ मध्ये केंद्राने बीएसएनएलबरोबर विलीनीकरणाला तत्त्वतः मान्यता दिली, आणि मग ते लांबत गेलं, कारण एमटीएनएलच्या डोक्यावरचं कर्ज. धडधाकट संस्थेत कर्जबाजारी संस्था मिसळली की धडधाकट पण आजारी पडते, म्हणून कर्ज आधी कुणाच्या नावावर टाकायचं हे ठरल्याशिवाय पुढचं पान उलटू नये.

जागेबद्दल मुंबईकराला मी काय सांगू. या शहरात कुठलीही सरकारी संस्था म्हणजे आधी एक प्लॉट आणि मग एक संस्था. माहिती-प्रसारण खात्याने फिल्म्स डिव्हिजन, बालचित्र समिती, राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय आणि चित्रपट महोत्सव संचालनालय या चौघांचं काम एनएफडीसीकडे (राष्ट्रीय चित्रपट विकास महामंडळ) दिलं, मंत्रिमंडळ निर्णय डिसेंबर २०२० चा, अंमल मार्च २०२२ मध्ये. त्यातलं फिल्म्स डिव्हिजन पेडर रोडला. चित्रपटवाल्यांनी तेव्हा जो आवाज उठवला तो मुख्यतः जुन्या फिल्मच्या ठेव्यासाठी, तो सार्वजनिक राहणार ना यासाठी, पण पेडर रोडचा पत्ता वाचून प्रत्येक मुंबईकराच्या मनात दुसरा प्रश्न पण आलाच असणार, या जागेचं काय होणार?

म्हणून जागेचे हे कागद काढा: मिळकत पत्रिका किंवा सातबारा, त्यावर नाव सरकारचं की महामंडळाचं, जमीन कलेक्टरकडून भाडेपट्ट्याने असेल तर मुदत कधी संपते, कोणत्या कामासाठी दिली होती, हस्तांतरणाला परवानगी लागते का. विशिष्ट कामासाठी दिलेली जमीन ते काम बंद झालं की शर्तभंगात येऊ शकते. ही अडचण वाटते पण नागरिकाच्या दृष्टीने हे कवच पण आहे, कारण त्यामुळे जमीन मूळ सरकारकडे परत येते, परस्पर विकली जात नाही. संस्थेच्या नावावरची जमीन नवीन संस्थेकडे जाताना मुद्रांक शुल्काचा प्रश्न येतो, राज्य सरकार ते माफ करू शकतं, पण माफीचा आदेश वेगळा निघावा लागतो. आणि जागा विकून आलेला पैसा "बचत" म्हणून दाखवला असेल तर तो आकडा खोडा. ती विक्री आहे.

कोर्टातल्या केसेसची यादी पण मागा. संस्था गेली तरी केस जात नाही, वारस म्हणून कुणाला तरी उभं राहावं लागतं, आणि तो कोण हे कायद्यात किंवा जीआरमध्ये स्पष्ट लिहिलेलं असायला हवं.

आता एक हिशोब करून बघू

सगळं काल्पनिक. समजा "अमुक विकास महामंडळ", वार्षिक अनुदान १२ कोटी. बातमी: १२ कोटी वाचणार.

त्यातले साडेसहा कोटी लाभार्थ्यांच्या व्याज परताव्याचे, योजना दुसऱ्या महामंडळाकडे चालू राहणार, बचत शून्य. उरले साडेपाच कोटी. त्यात पगार ४ कोटी, भाडं-वीज-गाड्या ९० लाख, अध्यक्ष, संचालक मंडळ, ऑडिट, वकील मिळून ६० लाख.

पगारातले १ कोटी १० लाख प्रतिनियुक्तीवाल्यांचे, मूळ विभागात परत, बचत शून्य. २ कोटी ९० लाख कायम कर्मचाऱ्यांचे, समायोजन झालं, आज बचत शून्य, पुढे दरवर्षी दोघं-तिघं निवृत्त होतील आणि पदं पुन्हा भरली नाहीत तर साधारण २० लाखांनी कमी होत जाईल. जागेचं भाडं निम्म्याहून कमी झालं, ६० लाख वाचले. अध्यक्ष आणि मंडळ गेलं, ४५ लाख वाचले, वकील राहिले. एकूण १ कोटी ५ लाख. पण समायोजित लोकांना नवीन संस्थेची वेतनश्रेणी मिळाली, १२ टक्के जास्त, म्हणजे वर्षाला ३५ लाख वाढले. निव्वळ बचत ७० लाख. आणि एकदाचा खर्च, थकलेले लेखे, अवसायक, रेकॉर्ड हलवणं, सॉफ्टवेअर जोडणं, धरा १ कोटी. तो भरून निघायला सतरा-अठरा महिने.

१२ कोटींचे ७० लाख झाले. म्हणून करू नये का? करावं की! वर्षाला ७० लाख म्हणजे काही थोडे नाहीत आणि निवृत्तीने आकडा वाढतच जाणार आहे. पण ७० लाख म्हणून करावं, १२ कोटी म्हणून नाही, कारण १२ कोटींच्या आशेवर बसलेला वित्त विभाग दुसऱ्या वर्षी योजनेच्या साडेसहा कोटींनाच कात्री लावतो.

खर्च गेला की फक्त दुसऱ्याच्या गळ्यात पडला

हा भाग तक्त्यात येत नाही, डोकं लावावं लागतं. मरीन ड्राइव्हला फॉरवर्ड मार्केट्स कमिशनचं (एफएमसी) मुख्यालय होतं, कमॉडिटी वायदेबाजाराचं नियामक, १९५३ पासूनचं. २८ सप्टेंबर २०१५ ला ते शेअर बाजाराची नियामक असलेल्या सेबीत विलीन झालं. एनएसईएल या कमॉडिटी एक्स्चेंजच्या घोटाळ्यानंतर दात असलेला नियामक पाहिजेच होता, त्यामुळे माझ्या मते हे विलीनीकरण योग्यच. पण पैशाच्या बाजूने बघा, एफएमसी सरकारच्या बजेटवर चालायचं, सेबी बाजाराकडून घेतलेल्या फीवर चालते. बजेटमधून खर्च गायब झाला, जगातून नाही झाला.

एप्रिल २०२१ मध्ये चित्रपट प्रमाणन अपील न्यायाधिकरण रद्द झालं. आता सेन्सॉरविरुद्ध अपील थेट उच्च न्यायालयात. सरकारचा खर्च वाचला, छोट्या निर्मात्याचा वकिलाचा खर्च वाढला आणि आधीच केसेसनी तुंबलेल्या कोर्टात आणखी भर पडली.

इंग्लंडात २०१० मध्ये सरकारने १९२ संस्था रद्द करायची आणि ११८ एकमेकांत विलीन करायची घोषणा केली होती. त्यातलं ऑडिट कमिशन, म्हणजे तिथल्या पालिकांचं ऑडिट बघणारी संस्था, मार्च २०१५ ला बंद झालं, काम खासगी फर्म्सकडे गेलं, आणि काही वर्षांत अशी अवस्था आली की २०२२-२३ ची फक्त १ टक्का ऑडिट्स वेळेवर झाली. ऑडिट न झालेल्या पालिकेत काय वाया गेलं हे मोजणारंच कुणी उरत नाही, म्हणून तपासणी आणि नियंत्रण करणाऱ्या संस्था यादीत दिसल्या तर दुप्पट संशयाने बघा.

जीआर निघाल्यावर

जीआर वेबसाइटवर सांकेतांकासह येतो, सेव्ह करून ठेवा, नंतर शुद्धिपत्रकं निघतात. त्यात या गोष्टी शोधा: बंद होण्याची नक्की तारीख, पदं "रद्द" की "वर्ग", मालमत्ता आणि दायित्व कुणाकडे, केसेसमध्ये वारस कोण, अभिलेख कुठे जाणार आणि अवसायक असेल तर त्याला किती मुदत. "पदं वर्ग" असं असेल तर बचतीचा आकडा तिथेच अर्धा करा. "मालमत्तेबाबत स्वतंत्र आदेश निर्गमित होतील" असं असेल तर ते स्वतंत्र आदेश कधी येतात त्यावर लक्ष ठेवा, कारण खरा निर्णय तिकडेच होतो. अभिलेखाबद्दल काहीच नसेल तर लगेच अर्ज टाका, २००५ चा सार्वजनिक अभिलेख कायदा आहे, आणि कर्ज फेडलेल्या लाभार्थ्याला दहा वर्षांनी बोजा कमी करायचा दाखला लागला तर तो कुठल्या कपाटातून मिळणार हे आजच ठरलेलं असायला हवं.

मग पुढची दोन वर्षं फक्त दोन ठिकाणी बघत राहायचं. एक, प्रत्येक अधिवेशनातल्या पुरवणी मागण्या (बजेटनंतर वर्षाच्या मधेच मागितलेला जादा पैसा), मुंबईतल्या पण आणि नागपूरच्या पण. बंद झालेल्या संस्थेच्या नावाने किंवा जिच्यात ती गेली तिच्या नावाने जादा रक्कम मागितलीय का. दोन, अवसायकाच्या मुदतवाढीचे जीआर. एक वर्षाची मुदत असलेला अवसायक तिसऱ्या मुदतवाढीवर असेल तर त्याच्या ऑफिसचं भाडं, त्याच्या हाताखालचे लोक आणि त्याची गाडी यांचा खर्च पुन्हा आरटीआयने मागवा, आणि वरच्या ७० लाखांतून वजा करा.